आवक क्रमांक एकशे सतरा

"आजोबा, स्पष्ट सांगू? असलं मशीन आता कोन मागतच न्हाई," दुकानदार राजवर्धन म्हणाला आणि त्याने जोतीराम चौगुल्यांनी दिलेला कागद उलटा करून बघितला, मागच्या बाजूला तरी काही शहाणपणाचं लिहिलेलं असेल या आशेने.

मागची बाजू कोरी होती. पुढे रेखीव अक्षरांत लिहिलं होतं, 'विषय : डिस्क प्लेअर खरेदी करणेबाबत.' त्याखाली अटी होत्या. जुन्या व्हीसीडी चालल्या पाहिजेत. रिमोटची बटणं उठावदार, बोटाला कळणारी हवीत. आणि थांबवलेलं चित्र किमान पंधरा मिनिटं जागचं हलता कामा नये. या शेवटच्या अटीखाली दोनदा रेघ मारली होती.

"पंधरा मिन्टं थांबवून काय करतासा?" राजवर्धनने विचारलं.

जोतीरामांनी घसा खाकरला. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं मोबाइल बघत उभी होती. "असंच," ते म्हणाले.

सकाळपासूनचं हे चौथं दुकान होतं. पहिल्या दुकानात त्यांना टीव्हीच्या पाठीमागे खोचायची काडी दाखवली, "हिच्यात जगातले सगळे पिच्चर हायती" असं सांगून. दुसऱ्यात भारीतला प्लेअर निघाला, पण तो व्हीसीडी घेत नव्हता. विकणारा म्हणाला, व्हीसीडी म्हंजे काय? तिसऱ्या दुकानात आता मिक्सर आणि कुकरच होते. हे राजारामपुरीतलं राजवर्धनचं. जोतीरामांच्या खांद्यावरच्या पिशवीत घरचा बंद पडलेला प्लेअर होता, जुना देऊन नवा मिळाला तर बघावं म्हणून आणलेला, आणि त्याचं वजन प्रत्येक दुकानागणिक वाढत चाललं होतं. आपलीच मागणी चुकीची असावी, असं त्यांना तिसऱ्या दुकानापासून वाटायला लागलं होतं. तसं त्यांना आयुष्यात बहुतेक वेळा वाटत आलं होतं.

जिल्हा परिषदेत आवक-जावक विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली. आलेल्या पत्राला नंबर घालायचा, शिक्का मारायचा आणि त्याचा विषय रजिस्टरात एका ओळीत लिहायचा. पत्र कितीही लांब असो, ओळ एकच. विहिरीत म्हैस पडली म्हणून चार पानं रडलेला माणूस त्यांच्या टेबलावरून 'नुकसानभरपाईबाबत' होऊन पुढे जायचा. हळूहळू त्यांचं बोलणंही तसंच झालं. घरी यायचे, "पाऊस आहे" म्हणायचे आणि पुस्तक घेऊन बसायचे. बायको चिमणाबाई म्हणायच्या, "ह्यांच्याशी संसार म्हंजे पोस्टकार्डाशी संसार."

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने चिमणाबाईंची नजर गेली. आता त्यांना खिडकीचा उजेड कळे, त्यापुढे कोणी हललं तर ते कळे, बाकी काही नाही. सिनेमा मात्र त्यांना हवा होता. मग जोतीराम शेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते सांगू लागले. पहिल्या दिवशी म्हणाले, "नायक आला. नायिका नाराज."

"अवो, मी काय तुमचा साहेब हाय व्हय?" चिमणाबाई कडाडल्या. "नाराज म्हंजे कशी? तोंड फिरवलं, का पदर झटकला? लुगडं कुठल्या रंगाचं? मागं चूल पेटल्याली हाय का इझल्याली?"

जोतीरामांना कळेना, कारण त्यांनी तेवढं बघितलंच नव्हतं. तेव्हापासून ते बघायला शिकले. रिमोट चिमणाबाईंच्या हातात असे. थांबवायच्या बटणावर त्यांनी आपली एक टिकली चिकटवली होती, बोटाला लागावी म्हणून. टिकली दाबली की चित्र थांबायचं आणि जोतीराम बोलायला लागायचे. कधी दोन मिनिटं, कधी दहा. दिव्याची वात, नायिकेच्या बापाच्या कोटाचं तुटलेलं बटण, मग त्यावरून स्वतःच्या बापाचा कोट, आणि मग कधीच कोणाला न सांगितलेलं काहीतरी. दोन तासांचा सिनेमा त्यांना तीन संध्याकाळी पुरायचा. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. त्यातलं निम्मं बोलणं या तीन वर्षांतलं होतं.

बावीस दिवसांपूर्वी प्लेअर बंद पडला, तोही ऐन मध्यंतरात. व्हीसीडीचा सिनेमा दोन डिस्कांत येतो. पहिली संपली की चहा, मग दुसरी. फुटपाथवर घेतलेला, दोघांनीही न बघितलेला सिनेमा होता. गावात आलेली एक नर्स. गावाने तिला छळछळ छळलं. शेवटी ती ट्रंक घेऊन एसटी स्टँडवर उभी राहिली, बस आली, कंडक्टरने दार धरून ठेवलं, आणि पहिली डिस्क संपली. चहा झाला. दुसरी घातली तर यंत्र गुरगुरलं आणि 'नो डिस्क' म्हणून गप्प झालं. कॉलनीतल्या दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं, "लेन्स गेली. टाकून द्या."

"चढली आसंल का वो?" चिमणाबाईंनी त्या रात्री विचारलं. दुसऱ्या दिवशीही विचारलं. मग विचारायच्या थांबल्या.

पुण्याहून मुलीने, तेजस्वीने, फोनवरून नव्या टीव्हीत सगळं लावून दिलं होतं. महिना भरला की पैसे आपोआप जातील म्हणाली. तो टीव्ही आधी विचारायचा, 'कोण पाहत आहे?' चिमणाबाईंनी चित्र थांबवून दहा मिनिटं ठेवलं की विचारायचा, 'तुम्ही अजून पाहत आहात का?'

"त्याला सांगा, तुमीच बघालाईसा," चिमणाबाई म्हणाल्या होत्या.

एक सिनेमा कसाबसा निम्मा झाला आणि दुसऱ्या दिवशी यादीतून नाहीसाच झाला. जोतीरामांनी तेजस्वीला फोन केला.

"बाबा, हक्क संपले असतील."

"कुणाचे?"

"त्यांचे."

"आणि आमचे?"

"बाबा, आपले नसतातच."

त्यानंतर घरात पुन्हा 'पाऊस आहे' आणि 'जेवण झालं' सुरू झालं. आज सकाळी जोतीरामांनी कागदावर विषय लिहिला आणि कळंब्याहून बस धरली. निघताना रिमोट मागितला, तर चिमणाबाई म्हणाल्या, "मशीन न्या. ह्यो न्हाई मिळायचा."

"आजोबा, हे बघा, नशीब तुमचं." राजवर्धन माळ्यावरून एक खोकं काढून त्यावरची धूळ फुंकत आला. "शेवटचा पीस. व्हीसीडी खातंय. डिस्क आणलीय का? दावतो चालवून."

जोतीरामांनी डबी उघडून दुसरी डिस्क दिली. ही तीच, अजून न बघितलेली डिस्क आहे, हे घाईत आणि आनंदात त्यांच्या लक्षात आलं नाही. ट्रे आत गेला, दुकानातला मोठा टीव्ही निळा झाला, मग काळा, आणि मग मोटारीच्या इंजिनाची घरघर ऐकू आली.

"बंद करा!" जोतीराम ओरडले. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात चष्म्यावर ठेवले. मोबाइल बघणारी दोन्ही गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"काय झालं? शॉक बसला का?"

"मला बघायचं नाही. आधी बंद करा."

"मग पिच्चरचं मशीन घ्याय कशाला आलाईसा?" राजवर्धनने टीव्ही बंद केला. "च्यायला, भर धंद्याच्या टायमाला."

आपण तिच्याआधी बघितलं असतं, तर सांगताना आपला आवाज फसवा झाला असता, हे जोतीरामांना म्हणायचं होतं. पण ते एका ओळीत बसेना. इतक्यात प्लेअरमधून कागद फाटल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ गुरगुर. राजवर्धनने बटण दाबलं. ट्रे बाहेर येईना. पुन्हा दाबलं. प्लेअर दात खाल्ल्यासारखा करकरला.

"आजोबा! काय घातलासा ह्यात? नवंकोरं मशीन हाय!"

"डिस्कच दिली..."

"चला. निसारभाईकडं चला. आता त्योच सोडवंल."

निसारचं दुकान चार गाळे सोडून होतं, जिन्याखालच्या कोनाड्यात. निसार पन्नाशीचा, कपाळावर भिंग अडकवलेला. त्याने काही न विचारता झाकणाचे स्क्रू काढले, डिस्क सोडवली आणि चिमट्याने आतून एक चुरगळलेला कागदाचा तुकडा ओढला. उजेडात धरून वाचला.

"आ. क्र. एकशे सतरा, भागिले दोन. हे काय हाय वो?"

जोतीरामांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "आवक क्रमांक. डिस्क घरात आली की मी नोंद करतो. नंबर चिकटवतो."

"डिस्कवर?"

"डबी बदलली तरी सापडावी म्हणून."

"कशानं चिकटवतासा?"

"डिंकानं. ऑफिसात तोच..."

निसारने भिंग कपाळावर सरकवलं. "साहेब, ही गरागरा फिरती आत. गरम हुती. डिंक सुटला की कागूद भायेर पडतोय आन् चाकात गुरफटतोय. पयली कुठं हाय हिची?"

पहिली डिस्क डबीतच होती. जोतीरामांनी ती काढली. तिच्यावर कागद नव्हता. डिंकाचा पिवळा चौकोन तेवढा होता. दोघांनी त्या चौकोनाकडे बघितलं, मग पिशवीतल्या जुन्या प्लेअरकडे.

"द्या हिकडं," निसार म्हणाला.

जुन्याचं झाकण निघालं. लेन्सच्या डोक्यावर, टोपी घातल्यासारखा, एकशे सतरा भागिले एक बसला होता. अक्षर रेखीव होतं.

"लेन्स गेली म्हणाले होते," जोतीराम पुटपुटले.

"कुठं जातीया? तुमीच डोळं झाकलासा की तिचं."

राजवर्धन खो खो हसला. जोतीरामांनी मान खाली घातली. दोनशेच्या वर डिस्का. प्रत्येकीवर नंबर. तीन वर्षांपासून ते दर आठवड्याला एक एक कागदी गोळा आत सोडत होते आणि बावीस दिवस त्या यंत्रालाच नालायक म्हणत होते, मनातल्या मनात का होईना.

"जुनं झालं बघा नीट," निसारने लेन्स कापसाने पुसली. "नवं घेणार का हेच नेणार?"

"नव्यात चित्र किती वेळ थांबतं?"

"पाच मिन्टं. मग कंपनीचा शिक्का फिराय लागतोय पडद्यावर. आन् थोड्या येळानं झोपतंयच. समदी नवी तसलीच."

"पंधरा मिनिटं हवंय."

"तेच इचारालोय मघापासनं," राजवर्धन वैतागून म्हणाला. "पंधरा मिन्टं कशापायी?"

'असंच' हा शब्द जोतीरामांच्या जिभेवर आला होता. पण निसारच्या टेबलावर त्यांचे दोन्ही नंबर उघडे पडले होते, आणि त्याहून आणखी लाज शिल्लक नव्हती.

"मालकिणीला दिसत नाही," ते म्हणाले. "ती थांबवते. मग मी सांगतो काय दिसतंय ते. मला पटकन सांगता येत नाही. वेळ लागतो."

जिन्यावरून कोणीतरी चपला वाजवत वर गेलं. राजवर्धनने खोक्यावरची धूळ बोटाने पुसली, ती आधीच पुसलेली होती.

"बसा," निसार म्हणाला. त्याने शेल्फातून एक डिस्क काढून जुन्या प्लेअरमध्ये घातली. "आमच्या नजीराच्या लग्नाची हाय. थांबवतो कुठंतरी. घड्याळ बघा."

त्याने बटण दाबलं तेव्हा पडद्यावर एक जाडजूड गृहस्थ बिर्याणीचा घास तोंडापाशी नेत होते. तोंड उघडं होतं, घास बाहेर. चहा आला. तिघे चहा पीत त्या उघड्या तोंडाकडे बघत बसले.

"आमचं मामू," निसार म्हणाला. "आयुष्यात इतका येळ उपाशी ऱ्हायलं न्हवतं."

सतरा मिनिटं झाली तरी मामूंचा घास हलला नाही. जोतीरामांनी कागदावरच्या शेवटच्या अटीपुढे बरोबरची खूण केली.

निघताना निसारने दुसरी डिस्क त्यांच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. ती ट्यूबलाइटपुढे धरली. मधल्या भोकाच्या जरा बाहेर, चौकोनी जागेतून उजेड आरपार येत होता.

"साहेब, कागदासंगं चांदी निघाली हाय. एवढं वाचणार न्हाई. डिस्क आतनं भायेर वाचली जाती. म्हंजे सुरवातच गेली. पुढचं दिसंल कदाचित."

"सुरुवात म्हणजे किती?"

"आठ-धा मिन्टं. आन् बाकीच्या डिस्कांवरचे कागूद वडू नगासा आता. हायती तसे राहू देत, कडा तेवढ्या दाबा."

राजवर्धन रस्त्यापर्यंत पोचवायला आला. प्लेअरची पिशवी त्याने रिक्षात ठेवली. "आजोबा, मघाशी डोळं झाकलासा ते त्यासाठी व्हय?"

"हं."

"काय हुतं त्यात?"

"एक बाई बसमध्ये चढते का नाही, ते."

"आन् तेवढंच गेलं?"

"तेवढंच."

"आयला," राजवर्धन म्हणाला आणि रिक्षाच्या टपावर हलकेच थाप मारली.

रिक्षा कळंब्याच्या रस्त्याला लागली. जोतीरामांनी मांडीवर पिशवी धरली होती. खरं काय ते सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलं. मसुदाही तयार केला. 'डिस्क खराब झाल्याबाबत. चूक माझी असल्याबाबत.' इंटरनेटवर शोधता येईल, तेजस्वीला विचारता येईल, फुटपाथवर दुसरी प्रत मिळेलही. पण बावीस दिवस ती बाई बसच्या दाराशी उभी होती, आणि कंडक्टर तरी किती वेळ दार धरणार?

चिमणाबाई खुर्ची खिडकीपासून टीव्हीसमोर ओढून बसल्या होत्या. केस विंचरलेले, मांडीवर रिमोट.

"आलासा? नवं घेतलासा?"

"आपलंच. नीट झालं."

"मला ठावं हुतं. त्यो काय असा मरतोय व्हय?"

जोतीरामांनी वायरी जोडल्या. लाल, पांढरी, पिवळी. पिवळी दोनदा चुकली. डिस्क घातली. यंत्राने बराच वेळ चाचपलं. मग पडदा उजळला आणि त्यावर चौकोन आले. हिरवे, जांभळे, मातकट, एकमेकांवर सरकणारे. आवाज कुठे तुटत होता, कुठे नुसताच खरखरत होता.

"काय झालं? बस हाय न्हवं अजून?"

"आहे," जोतीराम म्हणाले.

"चढली का?"

त्यांनी तोंड उघडलं. मसुदा आठवला. एकतीस वर्षांत त्यांनी रजिस्टरात जे आलं तेच लिहिलं होतं, एक अक्षर पदरचं घातलं नव्हतं.

"चिमणा, ही डिस्क..."

टिकलीवर बोट पडलं. चौकोन जागच्या जागी थांबले. खरखर बंद झाली.

"सांगा सावकाश," चिमणाबाई म्हणाल्या. "घाई न्हाई मला."

जोतीराम पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि चिमणाबाईंच्या शेजारी बसले.

"कंडक्टरनं दार धरलंय," ते म्हणाले. "त्याच्या पिशवीचा पट्टा एका बाजूनं उसवलाय, म्हणून तो खांदा वर करून उभा आहे. आत माणसं आहेत. खिडकीतून एक म्हातारी बघतेय. हिनं एक पाय पायरीवर ठेवलाय."

"मग?"

"ठेवलाय. पण दुसरा उचलत नाही."

"चप्पल कसली हाय?"

"चामड्याची, कापशी. पण अंगठा तुटलाय. खिळा मारलाय तिथं."

"मग न्हाई चढायची ती," चिमणाबाई ठामपणे म्हणाल्या. "तुटक्या चपलंनं कोन गाव सोडतंय?"

"नाही चढत," जोतीराम म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं की त्यांचा आवाज अजिबात फसवा नव्हता. "पाय खाली घेतला. ट्रंक खाली ठेवली, आणि तिच्यावरच बसली. कंडक्टर म्हणतो, बाई, काय ठरलं? ती म्हणते, तुम्ही व्हा पुढं."

चिमणाबाईंनी टिकलीवरून बोट फिरवलं. खिडकीतला उजेड कमी झाला होता. मग त्यांनी मान थोडी टीव्हीकडे, थोडी नवऱ्याकडे वळवली.

"मघाशी आवाज लई खरखरत हुता."

"हो."

"डिस्क ठीक हाय न्हवं?"

"थोडी गेली आहे," जोतीराम म्हणाले. "सुरुवातीची."

चिमणाबाईंनी मान हलवली. रिमोट मांडीवर उलटा करून ठेवला, बटणं खाली.

"ट्रंक कुठल्या रंगाची?" त्यांनी विचारलं.

जोतीरामांनी पडद्याकडे बघितलं. चौकोनांत हिरवा जास्त होता.

"हिरवी."

"नाव आसंल की वर. सरकारी नोकरीतल्या बायका ट्रंकेवर नाव घालून घेत्यात."

"आहे. पण उन्हापावसानं पुसट झालंय. पहिलं अक्षर तेवढं लागतंय."

"कुठलं?"

"चि."

"कायतरीच," चिमणाबाई म्हणाल्या, आणि पदर सारखा करून पुढचं ऐकायला बसल्या. पडद्यावरचे चौकोन जागचे हलले नव्हते.